दोन्ही घरी गेलात, हे चुकलं का?

वाचकाचं पत्र, ओळख लपवून, थोडक्यात:

मी 52 वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या एका छोट्या शहरात राहतो, नोकरी करतो, आणि चार वर्षांपासून इथल्या पोलीस खात्यात स्वयंसेवक चॅप्लिन (संकटात लोकांना आधार देणारा) आहे. दोन महिन्यांपूर्वी रात्री झालेल्या अपघातात एकाच शाळेतली तीन मुलं गेली. समोरून आलेली गाडी 19 वर्षांचा मुलगा चालवत होता. तो प्यायलेला होता. तो वाचला, सध्या कोठडीत आहे. तीनपैकी दोन घरी बातमी द्यायला मी एका ऑफिसरसोबत गेलो होतो. एका आईने मला विचारलं, 'माझंच मूल का?' माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चौथ्या दिवशी मी त्या गाडी चालवणाऱ्या मुलाच्या आईला भेटायला गेलो, कारण तिच्याकडे कुणीच गेलं नव्हतं. हे कळल्यावर गेलेल्या एका मुलीचे वडील मला सगळ्यांसमोर म्हणाले, 'माझ्या घरात उभा राहिलास आणि मग त्या घरात गेलास. पुन्हा येऊ नकोस.' अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोहोचलेला ऑफिसर माझा चांगला परिचित आहे. तो 'मी ठीक आहे' एवढंच म्हणतो आणि टाळतो. मला झोप लागत नाही. घरी असलो तरी घरात नसतो. पत्नी म्हणते, हे काम सोडा. पुढच्या महिन्यात शाळेत स्मृतिसभा आहे आणि मला बोलायला सांगितलंय. मी त्या घरी जायला नको होतं का? मी या कामाच्या लायकीचा आहे का?

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी स्वतः बरीच वर्षं पोलिसांसोबत हेच काम केलंय, त्यामुळे 'घरी असलो तरी घरात नसतो' हे वाक्य मला समजावून सांगावं लागलं नाही.

इतर वाचकांसाठी आधी थोडं सांगते. सैन्यात, इस्पितळात, तुरुंगात असतात तसे पाश्चात्त्य देशांतल्या अनेक पोलीस खात्यांतही चॅप्लिन असतात. पुष्कळसे बिनपगारी. धर्मप्रचार हे त्यांचं काम नव्हे. अपमृत्यूची बातमी द्यायला अधिकाऱ्यासोबत जायचं, नंतर त्या घरात थांबायचं, आणि रोज हे सगळं पाहणाऱ्या पोलिसांच्या मनाची विचारपूस करायची. पूर्वी ते बहुतेक ख्रिस्ती धर्मगुरूच असत. आता इतर धर्मांचे लोकही हे काम करतात.

आता तुमच्याकडे येते, आणि सगळ्यात अवघड प्रश्नापासूनच सुरुवात करते.

त्या मुलाच्या आईकडे जाणं चूक नव्हतं. तिने गाडी चालवली नव्हती. तिचा मुलगा जिवंत आहे, पण तिचं आयुष्य त्या रात्रीच मोडलं, आणि त्यासाठी रडायचीही तिला मुभा नाही. तिच्या दाराशी कुणीतरी जायलाच हवं होतं.

पण तुम्ही जायला हवं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पत्रात तुम्ही दोन्ही प्रश्न एकच धरलेत. मला वाटतं, तिथेच गाठ बसलीय. ज्या माणसाने 'तुमची मुलगी गेली' हे शब्द उच्चारले, तो त्या घरासाठी कायम त्या रात्रीचा माणूस असतो. तुमचा चेहरा, तुमचं जाकीट, तुमचा आवाज, सगळं त्या रात्रीला चिकटलेलं आहे. तोच चेहरा चौथ्या दिवशी त्या दुसऱ्या दारात दिसला, आणि वडिलांना आपलं दुःख कुणीतरी उचलून तिकडे नेल्यासारखं वाटलं. ते अन्यायाने बोलले असतील, पण खोटं बोलले नाहीत.

माझं स्पष्ट मत असं आहे: अशा प्रसंगी दोन घरांना दोन वेगळी माणसं हवीत. तुम्ही शेजारच्या शहरातल्या खात्याकडे दुसरा चॅप्लिन मागू शकला असता. तिथून नाही तर एखाद्या प्रार्थनास्थळातून किंवा इस्पितळातून कुणी मिळालं असतं. तुम्ही एकटेच दोन्हीकडे धावलात, कारण 'मी नाही तर कोण?' असं तुम्हाला वाटलं. हा विचार मला चांगला ओळखीचा आहे. तो आतून अगदी सेवेसारखाच दिसतो. पण माणसाने सगळ्यांना पुरायचं नसतं. आपण जिथे जाऊ नये तिथे दुसऱ्या कुणाला पाठवता येणं, हाही या कामाचाच भाग आहे. त्या आईकडे आता पुढे कोण जाईल ते या आठवड्यात ठरवा. तुम्ही एकदा जाऊन गायब झालात तर तिच्यावर तो आणखी एक घाव होईल. नव्या माणसाची ओळख करून द्या आणि मग मागे व्हा.

अशा वेळी पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्सची आठवण काढली जाते. 2 ऑक्टोबर 2006 रोजी एका माणसाने तिथल्या आमिश (जुन्या पद्धतीने, साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) शाळेत घुसून दहा मुलींना गोळ्या घातल्या आणि स्वतःचा जीव घेतला. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी आमिश शेजारी त्या मारेकऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेले, आणि पुढे त्याच्या दफनविधीलाही त्यांच्यातले बरेचजण उभे होते. तुमच्या शहरातही कुणीतरी त्या वडिलांना हा दाखला देईल. कृपा करून तुम्ही देऊ नका. ते दार आमिशांनी स्वतः ठोठावलं होतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकवणीतून. क्षमा त्यांची होती म्हणून ती देता आली. दुसऱ्याच्या वतीने क्षमा मागणं किंवा देणं, दोन्ही आपल्या हातात नाही. त्या वडिलांनी आयुष्यभर क्षमा केली नाही तरी ते कमी दर्जाचे माणूस ठरत नाहीत.

त्यांना भेटायला जाऊ नका, त्यांनी नको म्हटलंय. चार ओळींचं पत्र लिहा, हाताने. 'तुमच्या घरातून मी त्या घरी गेलो, त्याने तुम्हाला लागलं. त्याबद्दल मला वाईट वाटतं. मी येणार नाही. तुम्हाला काही लागलं तर अमुक व्यक्ती आहे,' एवढंच. का गेलात ते लिहू नका. खुलासा आला की माफी पातळ होते, आणि त्यांना उगीच तुमची बाजू समजून घ्यायची कामगिरी लागते. उत्तराची वाट पाहू नका.

आता त्या आईचा प्रश्न. 'माझंच मूल का?' तुम्ही गप्प राहिलात आणि त्याला तुम्ही अपयश म्हणता. त्यामागे एक गृहीतक आहे, ते जरा तपासून पाहा: चॅप्लिनकडे उत्तर असतं, निदान असायला हवं, असं. त्या क्षणी कुठलं उत्तर तिला चाललं असतं? तुम्ही कर्माबद्दल बोलला असतात तर? देवाच्या इच्छेबद्दल? सुरुवातीच्या काळात असंच विचारणाऱ्या एका बाईला मी म्हटलं होतं, 'त्याला देवाने जवळ बोलावलं.' ती माझ्याकडे बघत म्हणाली, 'मग देवाला सांगा, मला त्याची जास्त गरज होती.' आणि तिने दार लावून घेतलं. दार लावलं ते बरोबरच केलं. तिचा प्रश्न हा प्रश्न नव्हता, ती किंकाळी होती. मी तिला उत्तर देत बसले. तुम्ही नाही दिलंत. पत्रात तुम्ही पुढे काय झालं ते लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की तुम्ही तिथून निघून गेला नाहीत. गेला नसाल, तर तिच्या प्रश्नाला त्या रात्री जेवढं उत्तर शक्य होतं तेवढं तुम्ही दिलंत.

बोलायचं ते फक्त बातमीपुरतं, आणि तिथे मात्र शब्द नेमके हवेत. बातमी देण्याचे नियम आता बहुतेक ठिकाणी सारखेच शिकवतात: प्रत्यक्ष जाऊन, दोघांनी मिळून, शक्य तितक्या लवकर, साध्या शब्दांत. 'साध्या' हा शब्द मी एका वडिलांकडून शिकले. मी त्यांना म्हटलं, 'तुमचा मुलगा आता आपल्यात नाही.' त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि विचारलं, 'मग कुठे आहे? कुठल्या हॉस्पिटलमध्ये?' ते अर्धा जिना उतरले तेव्हा मला त्यांना थांबवून 'तो मरण पावला' असं म्हणावं लागलं. म्हणजे दोनदा. तेव्हापासून मी पहिल्याच वाक्यात 'मरण पावला' म्हणते. ऐकायला कठोर वाटतं, पण त्याने माणसाला खोट्या आशेचा जिना उतरावा लागत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण चॅप्लिन नसतील. पण शिक्षक असतील, एखाद्या टीमचे प्रमुख असतील, शेजारी असतील, आणि कधीतरी अशा दारात उभं राहायची वेळ त्यांच्यावरही येईल. तेव्हा धीर धरा, रडू नका, वेळ सगळं भरून काढेल, निदान त्रास तरी झाला नाही, यातलं काहीही म्हणू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. 'काही लागलं तर सांगा' म्हणण्यापेक्षा 'मी उद्या सकाळी नऊला येते, फोन मी घेत जाईन' असं म्हणा, आणि या. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. तेव्हा जा.

त्या ऑफिसरबद्दल. तुम्ही त्याला भेटलात की काय विचारता? 'कसा आहेस?' असंच ना? पोलिसांच्या जगात या प्रश्नाचं एकच उत्तर आहे आणि ते त्याने तुम्हाला दिलंय. 'मी ठीक नाही' म्हटलं तर पिस्तूल काढून घेतील, ऑफिसातल्या कामाला बसवतील, सहकारी वेगळ्या नजरेने बघतील, ही भीती खरी असते. शिवाय तुम्हीही त्या रात्रीचाच चेहरा आहात, त्याच्यासाठीसुद्धा.

त्याला बोलतं करायचा प्रयत्न सोडून द्या. दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून काय पाहिलं ते सविस्तर बोलायला लावायची पद्धत 1980च्या दशकापासून फार पसरली. नंतर जखमी आणि आघात झालेल्या लोकांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2002 साली आढावा घेतला. एका बैठकीतल्या अशा चर्चेने पुढचा मानसिक त्रास टळतो असं त्यात दिसलं नाही, आणि सक्ती तर थांबवावीच असा निष्कर्ष निघाला. बोलणं वाईट नाही. पण कधी, कुणाशी आणि किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

तुमच्या हातात दुसरी गोष्ट आहे. गस्तीच्या गाडीत त्याच्या शेजारी बसायची परवानगी घ्या. रात्रपाळीला जा. गाडीत दोघांचेही डोळे समोर रस्त्यावर असतात, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसतं. मी आजवर जे ऐकलं त्यातलं बरंचसं पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान अशा गाडीत ऐकलंय, आणि पहिले दोन-तीन तास कुणी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोललेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. तुम्ही पहिली पायरी सोडून दुसरीवर गेलात. आधी नुसतं पाहा. त्याची झोप, दारू, चिडचिड, तो सुट्टी घेतो की उलट जादा पाळ्या मागतो. आणि जीव द्यायची भाषा कानावर पडली तर आडवळणाने विचारू नका. 'आत्महत्येचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत अशा वेळी 988 या मदतीच्या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करता येतो, तुम्हाला हे माहीतच असणार. नंबर देऊन मोकळे होऊ नका. तो फोन लावत असताना बाजूला बसा.

एक सावधगिरी. 'तू बोललेलं माझ्यापाशीच राहील' असं वचन देण्याआधी तुमच्या राज्याचा कायदा आणि खात्याचा नियम वाचून घ्या. चॅप्लिनच्या गोपनीयतेची कायद्यातली व्याप्ती सगळीकडे सारखी नाही, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा गप्प बसता येत नाही. मर्यादा आधी सांगितली तर माणसं उलट जास्त विश्वास ठेवतात.

तुम्ही विचारलंत, मी लायक आहे का. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवलं. त्यातल्या अर्ध्यांना तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायचं होतं. वाटेत एक माणूस दारात कोसळल्यासारखा बसवून ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के. श्रद्धा कशा प्रकारची आहे किंवा भाषणाचा विषय काय आहे, यावरून कोण थांबेल ते सांगता येत नव्हतं. घाईवरून येत होतं. मी हा प्रयोग विसरत नाही, कारण 'माझ्यात करुणा आहे का' या प्रश्नाने मीही रात्री जागवल्यात, आणि त्याचा पुष्कळसा उलगडा माझ्या वेळापत्रकात निघाला. तुम्ही नोकरी करता, दोन महिन्यांत तीन कुटुंबं, एक शाळा, एक खातं आणि ती चौथी आई, सगळं अंगावर घेतलंत. अशा घाईत कुणाची करुणा टिकेल?

झोप न लागणं, बधिर होणं ही लायकीची कसोटी नव्हे. तुम्ही त्या आईचं दुःख आत घेऊन बसलात, आणि तेच करुणा असं तुम्हाला वाटतं. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना आधी दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवायचा सराव दिला. इतरांच्या यातनांच्या चित्रफिती पाहताना त्यांचा त्रास वाढला. मग त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं अशी ओढ धरण्याचा सराव दिला. तेव्हा त्रास कमी झाला आणि प्रसन्न, जिव्हाळ्याच्या भावना वाढल्या. दुःख तेच होतं. आपण त्यात बुडतो की त्याच्या काठावर हात देऊन उभे राहतो, एवढा फरक. हा फरक शिकता येतो, ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

चॅप्लिन हा शब्द कुठून आला ते तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेल. चौथ्या शतकातल्या मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी कथा. तो झगा पुढे जपून ठेवला गेला, त्याला लॅटिनमध्ये 'कापेला' म्हणत, आणि त्याची राखण करणारा तो चॅप्लिन. कथा सांगताना सगळे दिलेल्या अर्ध्या झग्याबद्दल बोलतात. मला मात्र त्याने स्वतःच्या अंगावर ठेवलेला अर्धा झगा महत्त्वाचा वाटतो. थंडी त्यालाही होती.

म्हणून, काम सोडायचा निर्णय आत्ता घेऊ नका, पण सहा आठवडे बातमी द्यायला जाऊ नका. खात्याला तसं कळवा, कारण सांगायची गरज नाही. या काळात आघातावर काम करणाऱ्या एखाद्या समुपदेशकाला भेटा. तुम्हीही त्या रात्री तिथे होतात. झोपेचं डॉक्टरांना सांगा. ज्याच्याशी तुम्हाला चॅप्लिन म्हणून वागावं लागणार नाही असा दुसरा अनुभवी चॅप्लिन शोधा आणि महिन्यातून एकदा त्याच्याशी बोला. हे मी पहिली सहा वर्षं केलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या घरच्यांनी मोजली.

पत्नीचं म्हणणं 'हे काम सोडा' असं तुम्ही ऐकलंत. त्याच्या आत 'मला तुम्ही परत हवे आहात' असं काही आहे का, ते त्यांनाच विचारा. तुम्ही त्यांना त्या रात्रीबद्दल काहीच सांगितलं नसेल, त्यांना त्रास नको म्हणून. तपशील सांगू नका. पण 'आज मला जड वाटतंय, त्याचा तुझ्याशी संबंध नाही' एवढं वाक्य रोज म्हणता येतं. नुसत्या गप्प माणसासोबत राहणं फार कठीण असतं.

सहा आठवड्यांनंतर तुम्ही काम सोडलंत तर मी त्याला पळून जाणं म्हणणार नाही.

राहिली स्मृतिसभा. शाळेला आधी एकच विचारा: तिन्ही घरांना तुम्ही बोललेलं चालणार आहे का? त्या वडिलांनी नको म्हटलं तर मंचावर जाऊ नका. मागच्या रांगेतही नको, त्यांची नजर पडेल. मंडप उभारणाऱ्यांना, गाड्या लावणाऱ्यांना मदत करा. त्यांची हरकत नसेल आणि तुमच्यात बळ असेल, तर तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. या मृत्यूंमधून आपण काय शिकलो असं काही म्हणू नका. ती मुलं कुणाला काही शिकवायला गेली नाहीत. गाडी चालवणाऱ्या मुलाचा उल्लेख करू नका, ना रागाने ना दयेने, तो दिवस त्याचा नाही. तिन्ही नावं घ्या, प्रत्येकानंतर थांबा. आपलं नाव परक्या जिभेवर कसं मोडतं ते तुम्ही इतकी वर्षं अनुभवलंय, तेव्हा तिघांच्या घरच्यांना, ज्यांच्याकडे तुम्ही जाऊ शकत नाही त्यांना दुसऱ्या कुणाकरवी, आधी विचारून घ्या की ते नाव घरात कसं हाक मारायचे. आणि ते मोठ्याने म्हणायचा घरी सराव करा.